बंदुकीवरील दुर्बीण कशी सुधारत गेली?

एक पेन्सिल घ्या. हात लांब करून ती डोळ्यासमोर उभी धरा आणि तिचे टोक दूरच्या एखाद्या विजेच्या खांबाच्या रेषेत आणा. आता टोकाकडे पहा. खांब पुसट होईल. खांबाकडे पहा. टोक पुसट होईल. दोन्ही एकाच क्षणी रेखीव दिसावीत म्हणून कितीही प्रयत्न केला तरी ते साधणार नाही. आपल्या डोळ्यातील भिंग एका वेळी एकाच अंतराशी जुळवून घेऊ शकते.

साध्या बंदुकीने नेम धरणाऱ्यापुढे हीच अडचण असते, आणि ती अधिक बिकट असते. बंदुकीच्या नळीवर मागच्या बाजूला एक खाच असते, पुढच्या टोकाशी एक माशी असते आणि सावज असते शंभर-दीडशे मीटर दूर. खाच, माशी आणि सावज या तीन वस्तू तीन निरनिराळ्या अंतरांवर असतात, आणि त्या तिन्ही एका रेषेत आणायच्या असतात. तरुण डोळा भराभर एकीवरून दुसरीवर जाऊन कसेबसे निभावून नेतो. चाळिशी उलटली की तेही कठीण होते.

यात काय बिघडते? कागदी लक्ष्य असेल तर फार काही नाही. एक-दोन गुण कमी मिळतील. पण समोर हरीण किंवा रानडुक्कर असेल, तर वीतभर चुकलेला नेम म्हणजे जखमी जनावर. ते झाडीत पळून जाते आणि तासन् तास, कधी दिवसच्या दिवस, तडफडत राहते. म्हणून ज्या देशांत परवान्याने शिकार चालते तेथे नेमाची अचूकता हा केवळ कौशल्याचा प्रश्न नसतो. तो जबाबदारीचा प्रश्न मानला जातो.

बंदुकीवर दुर्बीण बसवली की तीन वस्तूंची ही अडचण मुळातूनच नाहीशी होते. मात्र दुर्बिणीची सुधारणा म्हणजे ‘आणखी मोठे दिसणे’ असा आपला समज असेल तर तो सोडून द्यायला हवा. दूरचे मोठे दिसणे हे तर दीडशे वर्षांपूर्वीही साधले होते. गेल्या काही दशकांत जी प्रगती झाली ती निराळ्याच दिशांनी झाली. ती कोणत्या, ते आता क्रमाने पाहू.

कोळ्याने दिलेला धडा

इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यात विल्यम गॅसकॉइन नावाचा एक तरुण ज्योतिर्विद राहत होता. इ. स. १६४० च्या सुमारास त्याच्या दुर्बिणीत एका कोळ्याने जाळ्याचा धागा विणला. गॅसकॉइनने दुर्बिणीला डोळा लावला तेव्हा त्याला आकाशातील दृश्याबरोबर तो धागाही अगदी रेखीव दिसला. याचे त्याला नवल वाटले, आणि त्याने त्यामागचे कारण ओळखले.

ते कारण असे. योहानेस केप्लरने १६११ साली सुचवलेल्या दुर्बिणीत दोन बहिर्वक्र भिंगे असतात. पुढचे वस्तुभिंग दूरच्या वस्तूची एक लहान, उलटी पण वास्तव प्रतिमा नळीच्या आत तयार करते. मागची नेत्रिका ही त्या प्रतिमेकडे पाहण्याचे साधे विशालक भिंग असते. वास्तव प्रतिमा म्हणजे पडद्यावर घेता येणारी प्रतिमा. ती जेथे पडते नेमक्या त्याच प्रतलात एखादा धागा ताणला, तर नेत्रिकेच्या दृष्टीने धागा आणि प्रतिमा एकाच अंतरावर असतात. दोन्ही एकदमच स्पष्ट दिसतात!

गॅलिलिओच्या दुर्बिणीत मात्र हे शक्य नव्हते. तिच्यात नेत्रिकेच्या जागी अंतर्वक्र भिंग असते आणि ते वास्तव प्रतिमा तयार होण्याआधीच किरणांना अडवते. जेथे प्रतिमाच नाही तेथे धागा ताणणार कोठे?

गॅसकॉइनने या तत्त्वावर ग्रहांची व चंद्राची कोनीय रुंदी मोजण्याचे साधन बनवले. १६४४ साली मार्स्टन मूरच्या लढाईत तो मारला गेला. पण दुर्बिणीत एकमेकांना छेदणाऱ्या दोन धाग्यांची फुली बसवण्याची कल्पना टिकली. ज्योतिर्विदांकडून ती भूमापकांकडे गेली आणि पुढे बंदुकीवर आली. खाच आणि माशी दोन्ही गेल्या. फुली आणि सावजाची प्रतिमा एकाच प्रतलात आली. डोळ्याला आता एकाच अंतरावर पहायचे उरले.

अमेरिकेत सिराक्यूज येथे विल्यम माल्कम याने १८५५ च्या सुमारास बंदुकीच्या दुर्बिणी बनवण्यास सुरुवात केली. अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१–६५) अशा दुर्बिणी लावलेल्या बंदुका वापरात होत्या. त्या जवळजवळ बंदुकीच्या नळीइतक्या लांब होत्या. त्यांतून दिसणारे दृश्य अरुंद आणि अंधुक असे, आणि धक्क्याने त्या सहज बिघडत. १९३० साली विल्यम वीव्हर या तरुण अमेरिकन कारागिराने सामान्य शिकाऱ्याला परवडेल अशी आटोपशीर दुर्बीण बाजारात आणली, आणि तेव्हापासून ही वस्तू घरोघरच्या बंदुकीवर दिसू लागली.

आजच्या दुर्बिणीच्या पोटात काय असते? पुढे वस्तुभिंग, मागे नेत्रिका, आणि दोहोंच्या मध्ये एका आतल्या लहान नळीत बसवलेली दोन भिंगे. या मधल्या भिंगांचे काम उलटी प्रतिमा सुलटी करणे हे होय. आकाशातला तारा उलटा दिसला तर बिघडत नाही. हरीण उलटे दिसून चालणार नाही. ही आतली नळी लक्षात ठेवा. पुढे तिचा वारंवार उल्लेख येईल.

पहिला शत्रू : धुके

थंडीच्या दिवसांत बाहेरून उबदार खोलीत आलेल्या माणसाचा चष्मा धुरकट होतो, हे आपण पाहिलेले आहे. थंड काचेवर हवेतील बाष्प सांद्रित होऊन बारीक थेंब जमतात. जुन्या बंदुकीच्या दुर्बिणीत हीच गोष्ट काचेच्या आतल्या बाजूला घडे, आणि ती पुसता येत नसे!

हे कसे होई ते पहा. दुपारच्या उन्हात दुर्बीण तापते. आतली हवा प्रसरण पावून सांध्यांच्या फटींतून बाहेर पडते. रात्री दुर्बीण गार होते, हवा आकुंचन पावते आणि बाहेरची दमट हवा आत ओढली जाते. जणू दुर्बीण दिवसातून एकदा श्वासोच्छ्वास करते. काही दिवसांत आत पुरेसे बाष्प साठते. मग एखाद्या गारठलेल्या पहाटे शिकारी उबदार तंबूतून बाहेर येतो, नेम धरतो, आणि त्याला दिसतो केवळ करडा पडदा.

अमेरिकेत ऑरेगन राज्यातील ल्युपोल्ड कंपनी पूर्वी भूमापनाची उपकरणे बनवीत असे. तिने १९४७ साली नायट्रोजन भरून बंद केलेली दुर्बीण विक्रीस आणली. मालकांपैकी मार्कस ल्युपोल्ड यांच्या दुर्बिणीत ऐन वेळी धुके जमले आणि हरीण निसटले, म्हणून ते या कामाच्या मागे लागले, अशी कथा ती कंपनी सांगते.

येथे एक प्रश्न विचारू. नायट्रोजनच का? आपल्या हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतोच. तेव्हा नायट्रोजनमध्ये काही जादू नाही. महत्त्व आहे ते त्याच्या कोरडेपणाला. कारखान्यात मिळणारा शुद्ध नायट्रोजन अत्यंत कोरडा असतो, स्वस्त असतो आणि धातूला गंज चढवत नाही. आतली दमट हवा काढून हा वायू भरला आणि प्रत्येक सांध्यात रबरी कडी घालून दुर्बीण हवाबंद केली, की सांद्रित व्हायला आत बाष्पच उरत नाही. म्हणजे खरी सुधारणा वायूत नव्हे, तर त्याला कोंडून ठेवणाऱ्या सांध्यांत होती. आज काही उत्पादक नायट्रोजनऐवजी अरगॉन वापरतात. तत्त्व तेच.

प्रकाशाची गळती

खिडकीच्या काचेत आपला चेहरा अंधुक दिसतो. याचा अर्थ काच सगळा प्रकाश पलीकडे जाऊ देत नाही. काच आणि हवा यांच्या प्रत्येक सीमेवर सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित होतो. चार टक्के म्हणजे काही फार नाही असे वाटेल. पण आपण हिशेब करून पाहू.

समजा एका दुर्बिणीत काच-हवा असे १० पृष्ठभाग आहेत. पहिल्यातून ९६ टक्के प्रकाश पुढे जातो. दुसऱ्यातून त्याच्या ९६ टक्के. असे दहा वेळा झाले म्हणजे ०·९६ चा दहावा घात, अर्थात सुमारे ०·६६. शंभरांपैकी चौतीस भाग प्रकाश वाटेतच गळाला! शिवाय हा गळालेला प्रकाश निमूट निघून जात नाही. तो भिंगांमध्ये इकडून तिकडे आपटत राहतो आणि दृश्यावर फिकट पांढुरका थर पसरवतो. त्यामुळे सावलीतले तपकिरी जनावर आणि तपकिरी झुडूप यांतला फरक पुसून जातो.

यावरचा उपाय प्रथम अपघाताने लक्षात आला. १८९० नंतरच्या दशकात इंग्लंडमधील भिंगतज्ज्ञ डेनिस टेलर यांना असे आढळले, की जुनी, डागाळलेली भिंगे नव्या लखलखीत भिंगांपेक्षा अधिक प्रकाश आत सोडतात. हवेमुळे काचेवर चढलेला पातळ थर येथे उपयोगी पडत होता. १९३५ साली जर्मनीत झाइस कंपनीच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी असा थर निर्वात पात्रात मुद्दाम चढवण्याची पद्धत शोधली. दुसऱ्या महायुद्धात तिला लष्करी गुपिताचे मोल होते. अमेरिकेतही कॅथरिन ब्लॉजेट यांनी १९३८ साली पातळ थर देऊन परावर्तन न करणारी काच तयार करून दाखवली होती.

थर परावर्तन कसे थांबवतो? प्रकाश हा तरंग आहे हे आठवा. लेप दिलेल्या काचेवर परावर्तन दोन ठिकाणी होते : लेपाच्या वरच्या पृष्ठभागावर आणि लेप व काच यांच्या सीमेवर. लेपाची जाडी लेपातील तरंगलांबीच्या पावपट ठेवली, तर दुसऱ्या तरंगाला जाऊन-येऊन अर्ध्या तरंगलांबीइतके जास्त अंतर काटावे लागते. मग पहिल्या तरंगाचा उंचवटा आणि दुसऱ्याचा खळगा एकत्र येतात आणि एकमेकांना मारतात. यालाच व्यतिकरण म्हणतात. ऊर्जा मात्र नाहीशी होत नसते. जी परत गेली नाही ती पुढे गेली.

मॅग्नेशियम फ्लुओराइड हा पदार्थ या कामी फार वापरला गेला. त्याचा अपवर्तनांक १·३८ आहे. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी ५५० नॅनोमीटर धरली, तर लेपाची जाडी ५५० ÷ (४ × १·३८) म्हणजे सुमारे १०० नॅनोमीटर येते. एका मिलिमीटरचा दहा हजारावा भाग! एवढ्या लेपाने प्रत्येक पृष्ठभागावरील तोटा चारवरून दीड टक्क्याच्या आसपास येतो आणि आपल्या दहा पृष्ठभागांच्या दुर्बिणीतून ८६ टक्के प्रकाश पलीकडे पोहोचतो.

पण पावपट जाडी एकाच रंगाला नेमकी लागू पडते. हिरवा पुढे गेला तरी थोडा तांबडा आणि निळा परत येतोच. म्हणून असे भिंग तिरके धरले की जांभळट झाक दिसते. पुढच्या काळात निरनिराळ्या पदार्थांचे अनेक थर एकावर एक चढवण्याचे तंत्र विकसित झाले. प्रत्येक थर वेगळ्या रंगाचा बंदोबस्त करतो. तोटा दर पृष्ठभागाला ०·३ टक्क्यापर्यंत खाली आणला, तर दहा पृष्ठभागांनंतर ९७ टक्के प्रकाश शिल्लक राहतो. ६६, ८६ आणि ९७ या तीन आकड्यांत या उपकरणाचा मोठा इतिहास साठवलेला आहे.

किती पट मोठे?

प्रकाशाला एवढे महत्त्व का? कारण हरिणे आणि रानडुकरे पहाटे व तिन्हीसांजेला चरायला बाहेर पडतात. जर्मनी व ऑस्ट्रियात शिकारी जंगलाच्या कडेला लाकडी मचाणावर बसून नेमक्या याच वेळेची वाट पाहतात.

दुर्बीण डोळ्यापासून हातभर दूर धरून उजळ आकाशाकडे रोखली (सूर्याकडे कधीही नाही!), तर नेत्रिकेत प्रकाशाची एक लहान गोल चकती दिसते. दुर्बिणीने गोळा केलेला सगळा प्रकाश या चकतीतून बाहेर पडतो. तिचा व्यास काढण्याचे सूत्र सोपे आहे : वस्तुभिंगाचा व्यास भागिले विशालन. वस्तुभिंग ४० मिलिमीटरचे आणि विशालन ४ पट असेल तर चकती १० मिलिमीटरची. विशालन ९ पट केले तर ४·४ मिलिमीटरची.

अंधारात तरुण डोळ्याची बाहुली साधारण ७ मिलिमीटरपर्यंत मोठी होते. चकती बाहुलीपेक्षा मोठी असेल तर जादा प्रकाश वाया जातो. चकती लहान असेल तर दृश्य अंधुक होते. ४·४ मिलिमीटरची चकती ७ मिलिमीटरच्या बाहुलीचे केवळ ४० टक्के क्षेत्र भरते. मध्य युरोपात ८ पट विशालन आणि ५६ मिलिमीटरचे वस्तुभिंग अशी दुर्बीण का आवडती ठरली, हे आता तुम्हीच सांगा. ५६ भागिले ८ म्हणजे बरोबर ७!

विशालन वाढवल्याने दृश्याची रुंदीही कमी होते आणि हाताचा कंपही तितक्याच पटीने मोठा दिसतो. १९५०–६० च्या काळात म्हणूनच ठराविक ४ पट विशालनाची दुर्बीण सर्वत्र रूढ होती. बदलत्या विशालनाच्या दुर्बिणी तेव्हाही होत्या, पण त्यांच्यावर फारसा भरवसा नव्हता.

विशालन बदलते कसे? आतल्या नळीतील दोन भिंगे पुढे-मागे सरकवून. या नळीभोवती दुसरी एक नळी असते आणि तिच्यावर मळसूत्रासारख्या वळणदार खाचा कोरलेल्या असतात. बाहेरचे कडे फिरवले की खाचांत अडकलेल्या खुंट्या भिंगांना ठरलेल्या वाटेने सरकवतात. खाच किंचित जरी ढिली असली तरी भिंग डगमगते आणि विशालन बदलताच फुलीने दाखवलेली जागाही बदलते. जुन्या दुर्बिणींत हाच दोष होता. संगणकाने चालणारी कातकाम यंत्रे कारखान्यांत आल्यावर अशा खाचा फार बारकाईने कोरणे शक्य झाले आणि ३ ते ९ पट विशालनाची दुर्बीण अमेरिकेत सर्वसाधारण होऊन बसली.

शंभराव्या भागाचा खेळ

नेम जुळवण्यासाठी दुर्बिणीवर दोन गुंड्या असतात; एक वर-खाली आणि एक डावी-उजवीकडे नेण्यासाठी. गुंडी फिरवली की ‘टिक् टिक्’ असा आवाज होतो. बहुतेक दुर्बिणींत एक टिक् म्हणजे कोनाचा पाव मिनिट. एक अंश म्हणजे ६० मिनिटे. एक मिनिटाचा कोन १०० मीटरवर २·९ सेंटीमीटर व्यापतो. पाव मिनिटाचा सुमारे ७ मिलिमीटर.

दुर्बिणीच्या आत ही हालचाल किती असते? वस्तुभिंगाचे नाभीय अंतर १५ सेंटीमीटर धरले, तर पाव मिनिटासाठी प्रतिमा आणि फुली एकमेकींच्या सापेक्ष सुमारे ०·०११ मिलिमीटर सरकायला हवी. म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. माणसाच्या केसाच्या जाडीच्या सहाव्या-सातव्या भागाइतकी! शिवाय बार होताच बंदूक मागे उसळते आणि दुर्बिणीला गुरुत्वीय त्वरणाच्या शेकडो पट त्वरणाचा हिसका बसतो. दर हिसक्यानंतर आतली नळी मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत मूळ जागी परत आली पाहिजे. तिला टेकू देणाऱ्या लहानशा स्प्रिंगांवर हा सारा भार असतो. दुर्बिणीची किंमत काचेइतकीच या न दिसणाऱ्या भागांवर ठरते.

फुलीतही बदल झाला. पूर्वी ती केसाची, कोळ्याच्या धाग्याची किंवा बारीक तारेची असे आणि नेम जुळवताना दृश्याच्या मध्यापासून सरकून एका कोपऱ्यात जाई. पुढे फुली न हलवता आतली नळी कलती करण्याची रचना आली आणि फुली कायम मध्यभागी राहू लागली. बारीक रेषा अंधारात दिसत नाहीत आणि जाड रेषा सावज झाकतात, ही अडचण १९६२ मध्ये ल्युपोल्ड कंपनीने कडेला जाड व मध्याजवळ बारीक अशी फुली आणून सोडवली. आता फुली बहुधा काचेच्या चकतीवर कोरलेली असते आणि मंद प्रकाशात तिचा मध्यबिंदू लहानशा दिव्याने उजळता येतो.

आणखी एक दोष म्हणजे पराशय. डोळ्यासमोर बोट धरून डोके डावी-उजवीकडे हलवा. बोट दूरच्या भिंतीवर सरकताना दिसेल. तेच बोट भिंतीला टेकवा आणि डोके हलवा. आता ते सरकत नाही. प्रतिमा नेमकी फुलीच्या प्रतलात पडली नाही, तर दुर्बिणीतही असेच होते. डोळा किंचित हलला की फुली सावजावरून सरकते. निरनिराळ्या अंतरांवरील वस्तूंच्या प्रतिमा थोड्या मागे-पुढे पडतात. म्हणून पूर्वी एक मधले अंतर धरून हा दोष कारखान्यातच दूर केला जाई. आज अनेक दुर्बिणींवर अंतराप्रमाणे प्रतिमा जुळवण्यासाठी बाजूला तिसरी गुंडी असते.

गोळी सरळ जात नाही

प्रकाश सरळ रेषेत जातो. गोळी मात्र नळीतून सुटल्याच्या क्षणापासून खाली पडू लागते. हवेचा विरोध सोडून देऊ आणि गोळीचा वेग सेकंदाला ८०० मीटर धरू. १०० मीटर जायला तिला ०·१२५ सेकंद लागतो. ½ × ९·८ × (०·१२५)² या हिशेबाने ती ७·७ सेंटीमीटर पडते. २०० मीटरवर हेच पडणे ३१ सेंटीमीटर, ३०० मीटरवर ६९ आणि ४०० मीटरवर १२३ सेंटीमीटर होते. हवेच्या विरोधामुळे प्रत्यक्षात हे आकडे आणखी मोठे असतात.

यातून काय दिसते? अंतर दुप्पट झाले की पडणे चौपट होते. २०० ऐवजी २५० मीटर अंतर समजले तर चूक थोडी. ३५० ऐवजी ४०० समजले तर ती फार मोठी. आणि नुसत्या डोळ्याने अंतर ओळखणे तर दरीच्या किंवा उघड्या माळाच्या पलीकडे भल्याभल्यांना जमत नाही.

१९६० साली लेसरचा शोध लागला. १९९० च्या दशकात हातात मावणारे, शिकाऱ्यांना परवडणारे लेसर अंतरमापक आले. ते अवरक्त प्रकाशाचा अत्यंत छोटा स्पंद सोडतात आणि तो सावजावरून परत यायला किती वेळ लागला ते मोजतात. ३०० मीटरसाठी प्रकाशाला जाऊन-येऊन २ मायक्रोसेकंद पुरतात. अंतरात एका मीटरचाही फरक कळायचा तर ६·७ नॅनोसेकंदांचा फरक ओळखावा लागतो. आता काही दुर्बिणींच्या आतच असा मापक, उताराचा कोन मोजणारे साधन आणि लहान संगणक बसवलेले असतात. अंतर मोजून कोठे नेम धरायचा ते दुर्बीणच दाखवते. उष्णतेवरून काळोखात प्राणी दाखवणारी उपकरणेही निघाली आहेत.

या टप्प्यावर एक वाद उभा राहतो. उपकरण इतके करू लागले तर जनावराला निसटायची संधी किती उरली? अनेक देशांत आणि अमेरिकेच्या अनेक राज्यांत रात्रीच्या शिकारीवर व अशा उपकरणांवर निर्बंध आहेत.

जे काच करू शकत नाही

आपण पाहिलेल्या सुधारणांची यादी करा : बाष्प बाहेर ठेवणे, प्रकाश गळू न देणे, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची स्थिरता, पराशय घालवणे, अंतर मोजणे. यांतली प्रत्येक सुधारणा पाहण्यातील एकेक चूक दूर करते. पण सगळ्या चुका पाहण्यातल्या नसतात.

मीटरभर लांबीच्या बंदुकीचे टोक एक मिलिमीटर हलले, तर ३०० मीटरवर गोळी ३० सेंटीमीटर सरकते. हा कंप हाताचा. दुर्बीण तो दाखवील, थांबवणार नाही. वाटेत वारा कोठे कसा वाहतो आहे हे दुर्बिणीला कळत नाही. आणि ४०० मीटरवर पोहोचायला गोळीला निदान अर्धा सेकंद लागतो. सेकंदाला एक मीटर चालणारे जनावर तेवढ्यात अर्धा मीटर पुढे गेलेले असते. स्पष्ट दिसते म्हणून जवळ वाटते, आणि जवळ वाटते म्हणून चाप ओढला जातो. चांगल्या दुर्बिणीचा धोका असेल तर तो हाच आहे. म्हणून अनुभवी शिकारी दूरवरून बार न काढता जवळ जाण्याचा सल्ला देतात.

डोळ्याची मूळ अडचण सोडवण्याचा दुसराही मार्ग आहे. ऑलिंपिकमधील रायफल स्पर्धांत दुर्बिणीला परवानगी नाही. तेथे नेमबाज एका अगदी लहान छिद्रातून पाहतात. सूचिछिद्र कॅमेऱ्यात भिंग नसूनही जवळचे व दूरचे दोन्ही पुरेसे स्पष्ट येते, तेच तत्त्व येथे वापरले आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने ५० मीटर रायफल तीन स्थिती या प्रकारात कांस्यपदक मिळवले, ते याच साधनाने. त्या लक्ष्यावरील दहा गुणांचे वर्तुळ १०·४ मिलिमीटर व्यासाचे असते!

आपल्या देशात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातील १९९१ ची दुरुस्ती यांमुळे हौसेखातर होणारी शिकार बंद झाली. पण या लेखातील विज्ञान आपल्याला परके नाही. नायट्रोजन भरलेली नळी आणि बहुथरी लेपाची भिंगे आज पक्षीनिरीक्षकाच्या गळ्यातील दुर्बिणीतही असतात. दुकानदार ‘किती पट मोठे दाखवते’ ते सांगेल. तुम्ही मात्र त्याला विचारा : वस्तुभिंगाचा व्यास किती? लेप कोणता? आत हवा शिरते का? विशालन हा त्या दुर्बिणीविषयीचा पहिला प्रश्न असेल, शेवटचा नव्हे.

सोडवून पहा

१. एका दुर्बिणीवर ८ × ४२ आणि दुसरीवर १० × २५ असे लिहिले आहे. पहिला आकडा विशालन व दुसरा वस्तुभिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये दाखवतो. प्रत्येकीच्या प्रकाश-चकतीचा व्यास काढा. संध्याकाळी पक्षी पाहण्यास कोणती बरी?

२. एका दुर्बिणीत काच-हवा असे १४ पृष्ठभाग आहेत. लेप नसताना (दर पृष्ठभागाला तोटा ४ टक्के) आणि चांगला लेप असताना (तोटा ०·५ टक्के) किती टक्के प्रकाश पलीकडे जाईल?

३. लेसरचा स्पंद २·४ मायक्रोसेकंदांनी परत आला. वस्तू किती दूर आहे?

उत्तरे : (१) ५·२५ मिमी आणि २·५ मिमी; पहिली. (२) सुमारे ५६ टक्के आणि ९३ टक्के. (३) ३६० मीटर.